पालखीसाठी सर्व्हरचे चार वाटे

सुदेश पाष्टेचं एक ठाम मत होतं. तीन कोटेशनं मागवली, त्यांचा तक्ता मांडला आणि खाली सही ठोकली, की जगातला कुठलाही प्रश्न सुटतो. नाही सुटला तर तक्त्यात एखादा रकाना कमी पडलाय असं समजावं. हे मत त्याने हवेतून काढलेलं नव्हतं. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत तो सत्तावीस वर्षं परचेसला होता आणि या सत्तावीस वर्षांत त्याचा एकही तक्ता वरून परत आलेला नव्हता. घरीही तेच. डोंबिवलीच्या फ्लॅटमधला गीझर, मुलीच्या लग्नातला केटरर, आईच्या कमरेच्या ऑपरेशनसाठीचं हॉस्पिटल, गावच्या घराच्या अंगणात गेल्या मे महिन्यात बसवलेले पेव्हर ब्लॉक, सगळं सगळं तक्त्यातून पार पडलेलं. (पेव्हर ब्लॉकचं आईला अजून सांगायचं राहिलं होतं. योग्य वेळ बघून सांगणार होता.) बायको, म्हणजे मृणाल, कधी चिडली की विचारायची, "अहो, माझ्या वेळी बाकीची दोन कोटेशनं कोणाची होती?" त्यावर सुदेश अजिबात न हसता म्हणायचा, "ते गोपनीय असतं."

तर अशा माणसाच्या हातात मंडळाने सर्व्हर निवडायचं काम दिलं, यात मंडळाचं काही चुकलं असं कोणी म्हणू शकणार नाही.

मंडळ म्हणजे श्री वाघजाई ग्रामस्थ मंडळ, मौजे कोंडसळ. गाव रत्नागिरीकडे डोंगराच्या कुशीत, पण माणसं सगळी इकडे. वरची वाडी ठाण्यात, मधली वाडी कल्याणपलीकडे शहाडला, आणि खालची वाडी जवळजवळ अख्खी दिव्यात. सुदेश खालच्या वाडीचा, पण नोकरीत थोडा वर सरकला म्हणून दिव्यातून डोंबिवलीला सरकलेला. शिमग्याला देवीची पालखी गावात घरोघर जाते. आधी वरच्या वाडीत, मग मधल्या, मग खालच्या. दारात पालखी आली की घरातल्या बाईने देवीची ओटी भरायची. ज्यांना रजा मिळत नाही, पाय चालत नाहीत, त्यांच्यासाठी मंडळाने थेट प्रक्षेपण सुरू केलं होतं.

पहिल्या वर्षी ते एका फुकटच्या साइटवरून केलं. पालखी वरच्या वाडीच्या अध्यक्षांच्या, म्हणजे दगडूतात्यांच्या, ओटीवर टेकणार एवढ्यात मध्येच बनियनची जाहिरात आली. एक उघडाबंब माणूस दंड फुगवून म्हणाला, आराम का मामला है. दगडूतात्या त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या बैठकीत ठराव झाला की देवीचं दर्शन यापुढे मंडळाच्या स्वतःच्या जागेतूनच होईल. म्हणून दुसऱ्या वर्षी मंडळाने वेबसाइट काढली, कुठेतरी स्वस्तात ठेवली, आणि ती पालखी निघाल्यावर एक्केचाळीस सेकंदांत आडवी झाली.

ते एक्केचाळीस सेकंद सुदेशला विसरता येत नव्हते. त्याची आई, गंगुबाई, लग्नानंतरचे बासष्ट शिमगे बघून त्या वर्षी पहिल्यांदा गावाला गेली नव्हती. कमरेचं हाड मोडलं होतं, डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. नवं लुगडं नेसून, खण-नारळ-तांदळाचं ताट मांडीवर घेऊन ती फोनपुढे बसली. पालखी देवळाच्या पायऱ्या उतरली आणि स्क्रीनवर एक चक्र गरगर फिरायला लागलं. आई त्या चक्राला तासभर हात जोडून बसून होती. तिला वाटलं पालखी नाचवतायत, म्हणून फिरतंय. शेवटी मृणालने हळूच सांगितलं. आईने ताट उचललं, नारळ देव्हाऱ्यात ठेवला आणि जाऊन पडली. ओरडली असती, मेल्या-बिल्या म्हणाली असती, तर सुदेशला बरं वाटलं असतं. त्याला अगदी भडभडून आलं. तो तिच्या उशाशी जाऊन म्हणाला, "आई, पुढच्या शिमग्याला पालखी आपल्या अंगणात आलेली तू बघशील. माझा शब्द."

"बघू," आई म्हणाली. लहानपणापासून सुदेशला माहीत होतं की आईच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असा असतो.

मग त्याने बाह्या सरसावल्या. बैठकीत उठून जाहीर केलं, "तीन कोटेशन, एक तक्ता, एक निर्णय. सर्व्हर माझ्याकडे लागला." आणि पुढच्याच शनिवारी तो शीळफाट्याला गेला. तिथे टाइल्सच्या दुकानावरच्या गाळ्यात स्वानंद नावाचा तिशीतला इंजिनीअर होस्टिंगचा धंदा करायचा. शांत माणूस. त्या दिवसापर्यंत तरी शांत.

"काका, तुम्हाला लागतो व्हीपीएस," स्वानंद म्हणाला. "म्हणजे कसं, एक दांडगी मशीन असते. तिच्या पोटात अनेक छोट्या मशीन बनवायच्या. त्या खऱ्या नसतात, पण प्रत्येकीला वाटतं आपण स्वतंत्र आहोत."

सुदेशला आपल्या कंपनीतले तीन मॅनेजर आठवले. विषय एकदम सोपा झाला.

"आता हे बनवायचे प्रकार वेगळे. एक कंटेनरचा. त्यात सगळ्या भाडेकरूंचा कारभारी एकच, त्याला कर्नल म्हणतात. मेमरी समाईक, ज्याला लागेल तो घेईल. हलकं, चपळ. पण शेजारी हावरट निघाला तर तुमची पंचाईत. दुसरा केव्हीएम. त्यात प्रत्येकाचा कारभारी वेगळा, मेमरी बांधून दिलेली, मध्ये पक्की भिंत. तिसरं झेन. तेही भिंतवालंच, जुनं-जाणतं, पण मी ठेवत नाही."

"ठेवत नसलात तरी त्याचं कोटेशन द्या," सुदेश म्हणाला.

"नसलेल्या मालाचं?"

"तिसरं कोटेशन पाडण्यासाठीच असतं." सुदेशने समजुतीच्या सुरात सांगितलं. "आणि प्रत्येकाचा एकेक सॅम्पल पाठवा. डिलिव्हरी चलन जोडून."

"काका, ते आभासी असतं. सॅम्पल कसा पाठवणार?"

"मग इन्स्पेक्शनला मी येतो."

स्वानंदने परोपरीने सांगितलं की मशीन माझ्या गाळ्यात नाही, नवी मुंबईच्या बाजूला एका डेटा सेंटरमध्ये आहे, मलाच तिथे वर्षातून एकदा जाऊ देतात. पण न बघता माल घेणं सुदेशच्या रक्तात नव्हतं. तो पुढच्या आठवड्यात हाफ डे टाकून त्या इमारतीच्या गेटवर उभा राहिला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात फूटपट्टी आणि बॅटरी. वॉचमनने रजिस्टर उघडून विचारलं, किससे मिलना है. सुदेश म्हणाला, सर्व्हरसे. वॉचमनने रजिस्टर मिटलं. पुढचा पाऊण तास सुदेशने त्याला परचेसची जबाबदारी, मंडळाचा विश्वास आणि वाघजाईचं महत्त्व हे सगळं हिंदीतून समजावलं. वॉचमनने ते सगळं ऐकून घेतलं, शेवटी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आत काही सोडलं नाही. सुदेशने मग कंपाउंडला एक फेरी मारली, भिंतीवरचे एसीचे पंखे मोजले, आणि अहवालात लिहिलं, 'बाह्य तपासणी समाधानकारक.' घरी मात्र त्याने फक्त "बघून आलो" एवढंच सांगितलं. माणसाने आपला अपमान नेहमी थोडक्यात सांगावा.

आता इमारतीत बातमी गेल्याशिवाय कशी राहील? सोसायटीचा सेक्रेटरी जगन म्हात्रे वरच्या मजल्यावरून लुंगी सावरत खाली आला. जगन इथला मूळचा माणूस. इमारत त्याच्या आजोबांच्या भातशेतावर उभी, त्यामुळे तिच्यातल्या कुठल्याही विषयावर बोलायचा हक्क आपला आहे असं त्याला वाटायचं.

"आरं पाष्टे, मना विचारायचं ना! सर्व्हर काय आन् पाण्याची टाकी काय, एकच. आपल्या गच्चीवर पयली एकच टाकी व्हती. काय व्हायचं?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दोनदा मशीन लावायच्या आणि आपल्याला पाणी नाही," सुदेश म्हणाला.

"मंग आपुन काय केलं? परत्येकाला आपली आपली काळी टाकी. भांडान मिटलं! तुझा तो कंटेनर म्हंजे जुनी टाकी. घेऊ नको. ज्याची त्याची टाकी, ज्याचं त्याचं पाणी."

सुदेशला हे एकदम पटलं. पलंगावरून आई म्हणाली, "जगन, त्या दुबईवाल्यांचं घर दोन वर्षं बंद आहे ना? त्यांची टाकी काठोकाठ भरलेली असते, आणि पाणी नाही आलं की मृणाल बादल्या घेऊन शेजारी जाते. हे कसलं भांडण मिटलं?"

"आई, हे टेक्निकल आहे," सुदेश म्हणाला. जगननेही मान डोलावली. मृणालने सासूबाईंकडे बघितलं आणि चहा टाकायला गेली.

तक्ता तयार झाला. तीन रकाने, तेवीस निकष. पंपांच्या तक्त्याचा साचा वापरल्यामुळे त्यात 'गंज प्रतिकार' आणि 'आवाजाची पातळी' हेही राहून गेले होते, पण सुदेशने ते काढले नाहीत. तिन्ही प्रकारांना त्यात पूर्ण गुण मिळत होते आणि बेरीज छान दिसत होती. केव्हीएम निवडून आला.

मग डोंबिवलीच्या एका शाळेत सर्वसाधारण सभा भरली. दुसरीच्या वर्गात, पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन अख्खं कोंडसळ बसलं होतं. सुदेशने फळ्यावर खडूने मोठी चौकट काढली, आत छोट्या चौकटी काढल्या आणि असं काही समजावलं की स्वतःलाच वाटलं, आपण मास्तर व्हायला हवं होतं.

दगडूतात्या पहिल्या बाकावर होते. पंच्याहत्तरी ओलांडलेले, मिशी पांढरी, आवाज अजून तसाच. वरच्या वाडीला पालखीचा पहिला मान, आणि त्या मानातला बराचसा भाग तात्या स्वतःकडेच बाळगून असायचे. त्यांनी विचारलं, "सुदेश, म्हणजे एका मशीनचे हवे तेवढे वाटे पडतात?"

"हवे तेवढे, तात्या."

"आणि एका वाट्याचं दुसऱ्याला काही लागत नाही?"

"मध्ये भिंत असते. पक्की."

हे सुदेशने बोलायला नको होतं. कोंडसळच्या माणसाला बाकी काही समजावून सांगावं लागेल, वाटणी समजावून सांगावी लागत नाही. त्या गावात एका फणसाचे पाच मालक आहेत आणि एका विहिरीवर तीन वाड्यांचे तीन वेगळे रहाट आहेत. मग वर्गात जो गलका झाला, तो शाळेच्या वॉचमनला खालपर्यंत ऐकू गेला.

वरची वाडी म्हणाली, मान आमचा पहिला, तेव्हा पहिला वाटा आमचा, आणि त्यात दुसऱ्या वाडीची माणसं घुसता कामा नयेत. मधली वाडी म्हणाली, मग आमचा आम्हाला वेगळा तोडून द्या. खालची वाडी म्हणाली, आम्ही काय उष्ट्यावर बसणार काय? आणि कोणतीही वाटणी देवीचा वाटा काढल्याशिवाय होत नाही, म्हणून एक वाटा देवीचा. गावाहून कॅमेऱ्यातलं चित्र आधी देवीच्या वाट्यात येईल आणि तिथून तिन्ही वाड्यांना प्रसादासारखं जाईल. झाले चार वाटे. समसमान, कारण लहानमोठे केले असते तर सभा शिमग्यापर्यंत चालली असती.

सुदेशने अडवायला हवं होतं का? हवं होतं. पण आपला तक्ता गावाने इतक्या उत्साहाने उचललाय हे बघून त्याची छाती फुगली होती. केव्हीएममध्ये भिंती पक्क्या असतात आणि गावाला भिंतीच हव्या होत्या. याहून चांगली खरेदी कुठली? त्याने तिथल्या तिथे ऑर्डरचा मसुदा केला. तात्यांच्या आग्रहाखातर त्यात कलम चौदा घातलं, 'कोणत्याही वाडीच्या वाट्यात अन्य वाडीचे प्रेक्षक बसवण्यापूर्वी त्या वाडीच्या प्रतिनिधीची लेखी संमती आवश्यक राहील.' भाषा इतकी भक्कम झाली की सुदेशने ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं.

स्वानंदने ऑर्डर वाचून लगेच फोन केला. "काका, वरच्या वाडीचे बघणारे किती?"

"अकरा."

"आणि खालच्या वाडीचे?"

"आठशे असतील. दिवा भरलाय नुसता."

"मग समान वाटे कसे चालतील? खालच्या वाडीला मोठा द्या. नाहीतर सरळ कंटेनर घ्या ना! ज्या वेळी ज्याला लागेल, त्याला मिळेल."

"स्वानंद," सुदेश म्हणाला, "ऑर्डरमध्ये माल मागितलाय. मत मागितलेलं नाही."

स्वानंदने माल दिला. सुदेशने चाचणीही घेतली, हे सांगायलाच हवं. मृणाल स्वयंपाकघरात, जगन गच्चीवर आणि स्वतः गॅलरीत, असे तिघे तीन फोनवर एकाच वेळी बसले. गावाहून चुलतभाऊ प्रशांतने कॅमेऱ्यापुढे एक म्हैस उभी केली. म्हैस तिन्ही ठिकाणी स्वच्छ दिसली. चाचणी अहवाल, समाधानकारक.

शिमग्याचा दिवस उजाडला. आई सकाळपासून तयार. यंदा नारळ निवडायला तिने मृणालला तीन दुकानं फिरवलं होतं, त्यावरून सुदेशला तक्त्याची सवय कुठून आली ते कळावं. फोन उशीला टेकवून पाटावर ठेवला होता, पुढे रांगोळी काढली होती, ताटात खण, तांदूळ, हळदकुंकू. खालच्या वाडीचं चित्र लावलं होतं.

दुपारी पालखी वरच्या वाडीत शिरली आणि चित्र असं आलं की तात्यांच्या अंगणातल्या जास्वंदीची फुलं मोजून घ्यावीत. मंडळाच्या ग्रुपवर तात्यांनी स्वतः लिहिलं, 'सुदेशने नाव काढले.' सुदेशने तो संदेश मृणालला दाखवला, जगनला पाठवला आणि कंपनीच्या ग्रुपवरही टाकला. मधल्या वाडीत चित्र एकदोनदा अडखळलं, पण चाललं. मग पालखी खालच्या वाडीकडे उतरायला लागली. आपली वाडी आल्याशिवाय कोण बघतो? आता मात्र दिव्यातल्या घराघरांत फोन उघडले गेले, आजूबाजूच्या बिनगावच्या शेजारणीही दर्शनाला येऊन बसल्या.

चित्र थबकलं. भोई एक पाय उचलून तसेच राहिले. आणि मग ते आलं. गोल, पांढरं, गरगर.

आईने मांडीवरचं ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "आलं का ते चाक?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यामुळेच सुदेशला तिथे बसवेना.

त्याने गॅलरीत जाऊन स्वानंदला फोन लावला.

"काका, खालच्या वाडीच्या मशीनमध्ये हजारावर माणसं घुसायला बघतायत. ती मेली आहे," स्वानंद म्हणाला. "वरच्या वाडीची मशीन रिकामी. अकरा होते, पालखी पुढे गेल्यावर चार उरलेत. त्यातले दोघे झोपले असावेत. मधलीही जवळजवळ मोकळी."

"मग आमची माणसं तिकडे वळव ना!"

"पाच मिनिटांचं काम आहे. पण कलम चौदा आहे."

"हे कलम चौदा कोणत्या गाढवाने घातलं?"

स्वानंद सभ्य माणूस होता. त्याने नाव घेतलं नाही.

दुसऱ्या फोनवर प्रशांत ओरडत होता, "दादा, पालखी शिवेवर आलीय, नाचवतायत! आपलं घर पुढचं तिसरं! दिव्यातून शिव्या यायला लागल्यात, काय करू?" शीव म्हणजे दोन वाड्यांची हद्द. तिथे पालखी नाचवायची, आणि आधीच्या वाडीच्या माणसांनी खांदा सोडून पुढच्या वाडीच्या खांद्यावर ती द्यायची. दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. सुदेशकडे तेवढीच होती.

त्याने तात्यांना फोन लावला. तात्या अजून खुशीत होते.

"संमती? आमच्या मानाच्या मशीनमध्ये दिव्याची हजार माणसं? सुदेश, ठराव आहे. आणि तूच फळ्यावर लिहिलंस, भिंत पक्की हवी. तुझा तक्ताच म्हणतो."

दारातून त्याला आई दिसत होती, ताट धरून, चक्राकडे बघत. सत्तावीस वर्षांत जे वाक्य तोंडातून कधी गेलं नव्हतं ते त्याला आता म्हणायचं होतं, आणि ते घशात अडकलेल्या मासळीच्या काट्यासारखं निघता निघेना.

"तात्या," तो म्हणाला, "माझा तक्ता चुकला."

स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला. मृणाल हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

"काय म्हणालास?" तात्यांनी विचारलं.

"चुकला. पालखी एकच आहे. ती ज्या वाडीत असते तिथेच गर्दी असते, बाकीचे दोन वाटे रिकामे बसतात. हे मला कळायला हवं होतं, नाही कळलं. स्वानंद सांगत होता, मी ऐकलं नाही. आई सांगत होती, तेही नाही ऐकलं."

"ग्रुपवर लिहून टाक तसं."

सुदेशने लिहिलं. शेवटी सवयीने 'सबब' असा शब्दही टाकला. तीनशे दहा माणसांनी ते वाचलं. कोणीतरी हसण्याचं चित्र टाकलं, आणि सुदेशला त्या क्षणी डेटा सेंटरचा वॉचमन फार प्रेमळ माणूस वाटला.

"ठीक," तात्या म्हणाले. "मनाचा मोठेपणा दाखवलास. आता रविवारी बैठक बोलावू आणि संमतीचा विषय घेऊ."

"तात्या, पालखी शिवेवर आहे हो!"

"फोन दे इकडे," आई म्हणाली.

सुदेशने दिला. आईने फोन उलटा धरला, मृणालने सुलटा केला.

"दगडू, वैनी बोलते."

तिकडे तात्यांचा आवाज एकदम दोन पायऱ्या खाली आला. "बोला वैनी. बरं आहे ना आता?"

"माझं राहू दे. पालखी कुठे आहे?"

"खालच्या शिवेवर."

"शिवेवर आहे ना? मग तुझ्या खांद्यावर काय करते अजून?"

तिकडून तात्यांचं नुसतं खाकरणं ऐकू आलं.

"बासष्ट शिमगे बघितले मी," आई म्हणाली. "तुझा बाप केवढा मानकरी, पण शीव आली की वाकायचा आणि खांदा सोडायचा. पुढच्याला म्हणायचा, सांभाळ रे बाबा. शीव ओलांडून खांदा अडवून धरणारा माणूस कोंडसळात झाला नाही. तू पहिला होणार आहेस काय?"

"वैनी, ती मशीन आहे..."

"असेल मशीन. देवी तिच्यावरच बसलीय ना? मग ती पालखीच. तीन वाड्यांना तीन पालख्या केल्यात काय कधी? पालखी एक, खांदे बदलतात. एवढं शहाणपण होतं आपल्यात, ते इकडे येऊन कुठे सांडलं रे? मेल्या, माझं ताट मांडीवर आहे. गेल्या वर्षीसारखं परत देव्हाऱ्यात ठेवायला लावू नको मला."

शेवटचं वाक्य बोलताना आईचा आवाज चिरला. सुदेशने तोंड फिरवलं. जगन म्हात्रे केव्हाचा दारात येऊन उभा होता, त्यानेही गळ्यातला टॉवेल डोळ्यांना लावला.

तात्यांनी फोन ठेवला. ग्रुपवर संदेश आला, 'वरच्या वाडीने खांदा सोडला. खालच्या वाडीने सांभाळावे. दगडू.' पाठोपाठ, कोणी विचारलंही नसताना, शहाडहून आला, 'मधल्या वाडीनेही सोडला. आम्ही मागे नाही.'

स्वानंदचा फोन वाजला. "काका, 'खांदा सोडला' ही लेखी संमती धरू का? म्हणजे कलमात तसा शब्द नाही..."

"धर रे बाबा, धर!" सुदेश किंचाळला.

चक्र आणखी दोन मिनिटं फिरलं. आईने डोळे मिटून घेतले होते. मग ढोलाचा आवाज आला, आधी तुटक, मग सलग, आणि चित्र उघडलं. पालखी घराच्या पायवाटेला लागली होती. खालच्या वाडीची पोरं घामाने निथळत, गुलालाने माखून ती नाचवत अंगणात शिरत होती. देवीचे रुप्याचे मुखवटे उन्हात लखलखत होते. कुठे अडखळणं नाही, कुठे थांबणं नाही.

"आई," सुदेश म्हणाला, "उघड डोळे."

आईने उघडले. हळदकुंकू उचललं, फोनच्या काचेला लावलं, तांदूळ वाहिले, खण-नारळ पुढे ठेवला. पाणी गालांवरून वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. "आलीस गो बाय," ती म्हणाली, "माझ्या दारात आलीस." मृणालने तिच्या पाठीवर हात ठेवला. सुदेशला वाटलं, सत्तावीस वर्षांत याहून चांगली खरेदी आपण केली नाही, आणि यातला रुपयाभरही शहाणपणा आपला नाही. तरीही छाती जरा फुगलीच. सवय.

मग आईने पदराने डोळे पुसले. चष्मा काढून तोही पुसला, पुन्हा लावला आणि वाकून फोनच्या अगदी जवळ गेली.

"चित्र किती स्वच्छ आहे रे," ती कौतुकाने म्हणाली.

"आहेच मुळी," सुदेश म्हणाला. "तीन वाड्यांची ताकद लागलीय."

"सगळं दिसतं." आई आणखी वाकली. "सुदेश, पालखी टेकली तिथे खाली काय आहे ते? माझं शेणाने सारवलेलं अंगण कुठे गेलं? या लाल-करड्या लाद्या कोणी बसवल्या?"

मृणाल चटकन मिक्सर लावायला गेली. जगन जिन्याने वर गेला. सुदेशने फोनकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मनापासून वाटलं की ते चक्र आत्ता यावं, गोल, पांढरं, गरगर फिरणारं, निदान पाच मिनिटं. पण वरच्या वाडीने खांदा सोडला होता, मधल्या वाडीने सोडला होता, चित्र तसूभर हललं नाही, आणि एकेक पेव्हर ब्लॉक मोजून घ्यावा इतका स्वच्छ दिसत होता.

"सुदेश," आई म्हणाली, "मी काहीतरी विचारलं."